चंडोलासाठी लावलेली बाग

कुसळवाडी नावाच्या गावी रंगराव जहागीरदार राहत. माणूस दानशूर, पण दान देण्याआधी दवंडी पिटणारा. गावाला लागून मोठा माळ होता. नुसतं गवत, झाड औषधालासुद्धा नाही.

त्या माळावर चंडोल राहत. सकाळी नर सरळ आभाळात चढायचा, पंख फडफडवत गात राहायचा आणि गाणं संपलं की दगडासारखा खाली यायचा. घरटं मात्र जमिनीवर. बैलाच्या खुरानं पडलेल्या खळग्यात काड्या अंथरून मादी अंडी घालायची. अंडी मातीच्याच रंगाची, शेजारून गेलं तरी दिसत नसत.

रंगरावांची साठीशांत ठरली होती. त्यांनी एकदा ते गाणं ऐकलं, घरटं पाहिलं आणि त्यांना दया आली. असल्या दयेपासून देव वाचवो!

"एवढा मोठा गवई आणि धुळीत राहतो?" ते म्हणाले. "साठीनिमित्त त्याला बाग लावून द्या."

गडी कामाला लागले. माळभर खड्डे खणले, गवत तुडवलं, कडुनिंबाची रोपं लावली. प्रत्येक रोपाच्या आधाराला पुरुषभर उंच काठी रोवली. रंगरावांच्या नावाचा दगडही बसला.

लगोलग काठ्यांवर कावळे येऊन बसले. आजवर या माळावर त्यांना टेहळणीला जागाच नव्हती. आता चंडोलाची मादी चोचीत किडा घेऊन कुठे उतरते, ते त्यांना वरून दिसू लागलं.

मादी घाबरली आणि थेट रंगरावांच्या सदरेवर गेली.

"मालक, आम्ही झाडावर राहणारे नव्हे. आमचे पाय जमिनीवर चालायचे. माझी पिल्लं थोड्याच दिवसांत उडतील. तोवर घरट्याजवळच्या चार काठ्या तेवढ्या काढा."

"परवा पाहुणे येणार. बागेत मध्येच भगदाड दिसलं तर लोक काय म्हणतील?"

"बाग माझ्यासाठी लावलीत ना?"

"तुझ्यासाठीच! म्हणून तर तुझी कटकट ऐकून घेतली. नीघ आता."

त्यांची पत्नी गोदाक्का आतून म्हणाल्या, "अहो, चार काठ्यांनी काय बिघडतंय?" रंगरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार काठ्या! उपटायला एक गडी पुरला असता. पण गडी दगडावर शेंदूर आणि हार चढवण्यात गुंतले होते. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी पिल्लं खाल्ली. माळावरचे सगळे चंडोल निघून गेले.

साठीशांतीला पाहुणे बागेत जमले. रंगराव म्हणाले, "आता ऐका आमच्या चंडोलाचं गाणं." सगळ्यांनी माना वर केल्या. आभाळ रिकामं होतं. काठीकाठीवर कावळे ओरडत होते.

"कृतघ्न जात!" रंगराव कडाडले. "एवढं केलं आणि ऐन वेळी पळाला!"

गोदाक्कांनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. सर्वांदेखत त्या म्हणाल्या, "पळाला नाही, तुम्ही हाकललात. त्याची पिल्लं या कावळ्यांच्या पोटात आहेत. माणूस गेल्यावर कावळ्याला घास घालतात. स्वतःच्या साठीला घालणारे तुम्हीच पहिले!"

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं, त्याला आधी विचारावं. तो नको म्हणत असतानाही जे केलं जातं, ते त्याचं भलं नव्हे, आपल्या नावाची हौस असते. आणि त्या हौसेची किंमत दुसऱ्याची लेकरं मोजतात.