शब्द मागे घेण्याची अट

बोरखेडचे नगराध्यक्ष दादासाहेब ढमढेरे यांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून खानावळवाल्या यमुनाबाई गुरवांना काढून टाकलं. बाईंनी एवढंच लिहिलं होतं, ‘पाच दिवस नळाला पाणी नाही.’

भर सभेत दादासाहेब गरजले, “टीका आम्ही सहन करतो, बदनामी नाही! आधी शब्द मागे घ्या, मगच ग्रुपवर घेऊ.”

खानावळीचा परवाना याच माणसाच्या सहीने मिळतो, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्या उठल्या.

“घेते की, साहेब. तुम्ही पाणी सोडा, नळ वाहिला की त्याच क्षणी शब्द मागे घेते.”

सभेत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाणी आलं. बाईंनी शब्द मागे घेतले आणि दादासाहेबांना त्यांना ग्रुपवर परत घ्यावं लागलं.