अण्णासाहेबांची तक्रार

“या तोंडातून आजवर कुणाची स्तुती बाहेर पडलेली नाही!” अण्णासाहेब आरवाडे भर दुकानात गरजले. मग खुर्चीत टेकत जरा हळू म्हणाले, “लग्नात बायकोला एकदा ‘छान दिसतेस’ म्हणालो होतो. पण तेव्हा मेहुण्या वाट अडवून उभ्या होत्या.”

समोर सुगंधा खोत ट्रे घेऊन उभी. भिलवडीच्या शेतकऱ्याची पोर, सांगलीत ‘घोटभर’ नावाचं कॉफीचं दुकान चालवायची. दुकान तिचं, गाळा अण्णांचा. करार दसऱ्याला संपत होता आणि बाहेरची एक बडी कंपनी त्या गाळ्यावर डोळा ठेवून बसली होती.

“करार वाढवा की, अण्णा. आता कुठं गिऱ्हाईक जमलंय.”

“ह्याला गिऱ्हाईक म्हणतात?” अण्णांनी काठी फिरवली. “ती कोपऱ्यातली जोडी सकाळपासून एका कपावर बसलीय. दोघांत एक कप, आणि त्यातही अजून कॉफी शिल्लक! हे भोकरे गुरुजी बशीत ओतून पितात आणि पेपर फुकट वाचतात. ही गिऱ्हाइकं नव्हेत, पाहुणे झाले!”

गुरुजींनी बशीतला पुढचा भुरका मुद्दाम लांबवला. शिक्षक माणूस, उलट उत्तर कसं द्यायचं?

“असं कर,” अण्णा म्हणाले, “दसऱ्याच्या आत माझ्या तोंडून तुझ्या कॉफीला ‘चांगली’ म्हणवून दाखव. गाळा तुझा! नाही जमलं, तर कुलूप माझं!”

दुकानभर माणसं ऐकत होती. शब्द दिला गेला. पण अण्णांकडून ‘चांगली’ ऐकायचं म्हणजे कारल्याच्या मांडवाखाली द्राक्षाची पाटी घेऊन उभं राहायचं!

सुगंधानं कॉफीत जायफळ किसलं. अण्णा म्हणाले, “मला झोप लागावी आणि तक्रार बंद पडावी, असा डाव आहे होय?” दुसऱ्या दिवशी जायफळ वगळलं. “जायफळ कुठं गेलं? महागलं?” वर दुधाचा छान फेस आणला. “भांडी घासल्याचं पाणी!” फेसावर बदामाचा आकार काढला. “काढलाय, पण घातलाय कुठं?” कपाकडे बघून म्हणाले, “एवढ्याशा कपात आमच्या घरी बाळाला औषध देतात.”

आणि एवढं बोलून कप मात्र तळापर्यंत रिकामा करायचे!

दसरा जवळ आला. एके सकाळी अण्णा येऊन म्हणाले, “रविवारी मधली टेबलं मोकळी ठेव. आमच्या नातीचं, ऋजुताचं लग्न जमतंय. मुलाचे मामा बोलणी करायला येतायत. घरी रंगकाम चाललंय, म्हणून इथंच बोलावलंय.”

“आणि मामांना कॉफी नाही आवडली तर?”

“तर माझी मान खाली! जागा माझी, बोलावणं माझं, आणि आम्ही पडलो मुलीकडचे. ध्यानात ठेव!”

सुगंधानं चांगलंच ध्यानात ठेवलं.

रविवारी बेडगचे मामा आले. मिशीला पीळ, अंगाला अत्तर, मुलाकडचा माणूस म्हणून पाठ ताठ. अण्णा दारापर्यंत सामोरे गेले. ऋजुता आजोबांशेजारी बसली. सुगंधानं रोजचीच कॉफी केली. दाणा इकडचा तिकडं नाही. कप ठेवला आणि मामांपुढे हात जोडले.

“मामा, तुम्ही मुलाकडचे. काही कमीजास्त असेल तर मोकळेपणी सांगा हं, मनात ठेवू नका.”

झालं! मुलाच्या मामाला तक्रारीचं आमंत्रण!

“कप जरा लहान वाटतो,” मामांनी मिशी पुसली.

“लहान कसा, मामा?” अण्णा घाईनं म्हणाले. “मोठ्या कपात शेवटचा घोट गार होतो. हा बेतशीर आहे!”

“वर हे साबणासारखं काय?”

“फेस हो तो, दुधाचा! हात दुखेपर्यंत घोटते बिचारी.”

गुरुजींनी पेपर खाली केला. कोपऱ्यातल्या जोडीनं आज पहिल्यांदाच एकमेकांवरची नजर काढली.

“पण पाणचटच म्हणायची,” मामा म्हणाले. “आमच्या बेडगात याहून बरी मिळते.”

अण्णांचे कान तापले. माझ्या जागेत, माझ्या पाहुण्याला, पाणचट?

“काय बोलता, मामा! अख्ख्या सांगलीत असली कॉफी नाही! चांगली आहे! फार चांगली आहे!”

गुरुजींनी टाळी वाजवली. अण्णांनी जीभ चावली, पण शब्द केव्हाच टेबलावर!

ते ताडकन उठून गल्ल्यापाशी आले आणि कुजबुजले, “हे धरायचं नाही, पोरी! हे आल्यागेल्याशी बोलायची रीत म्हणून बोललो.”

“बरं,” सुगंधाही कुजबुजली. “मग मामांना सांगते, अण्णा तुमच्याशी खरं बोलत नव्हते, रीतीचं बोलत होते. मुलीबद्दल जे सांगितलंत तेही रीतीचंच का, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू?”

अण्णांनी मामांकडे बघितलं. ऋजुताकडे बघितलं, ती तोंडाला पदर लावून खुदखुदत होती. मग अण्णांच्या पोटातून जे हसू फुटलं, ते थेट रस्त्यापर्यंत गेलं! काय चाललंय हे न कळताही मामा हसले. मुलीकडचे हसले की हसावं लागतं.

“गाळा तुझा!” अण्णांनी डोळे पुसले. “करार उद्याच करू. आणि पुढची मोकळी जागाही घे, चार खुर्च्या मांड. लग्नातली कॉफीसुद्धा तुझीच!”

बोलणी पक्की झाली. मामा ऋजुतासोबत घर बघायला गेले. गुरुजी आणि कोपऱ्यातली जोडीही उठून गेली. अण्णा खिडकीपाशी बसले आणि आणखी एक कप मागवून घेतला. शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, कप उपडा करून बघितला, आणि रस्त्यावर मामा दिसत नाहीत याची खात्री करून म्हणाले,

“आता आपण दोघंच आहोत म्हणून सांगतो, पोरी. पाणचट आहे!”

सुगंधानं कप उचलला.

“तेवढाच पाणचट तिसरा आणू का, अण्णा?”