वस्ताद गाडीमागे बसले तेव्हा

एकदा एका तरुणाला आपल्या गाडीच्या इंजिनाची ताकद दुप्पट करून घेण्याची लहर आली. टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला, गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडू लागली. पण महिन्याभरातच मूळचा क्लच घसरू लागला. इंजिन नुसतं ओरडे आणि गाडी चढाला जेमतेम सरके. क्लच ही इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवणारी पकड. ती सुटली, की बाकी सगळा थाट व्यर्थ. तरुणाचं नाव तेजराज. त्याने कोल्हापूरच्या गॅरेजवाल्या यासीन वस्तादांना फोन लावला.

वस्तादांचा एक नेम होता. क्लचचं काम आलं, की गाडी मालकाच्या दारातून स्वतः जाऊन आणायची. सत्तरी उलटलेला माणूस, पण यात बदल नाही. त्यांचा शिष्य निनाद, पदवीधर इंजिनिअर, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेला. त्याला हा निव्वळ म्हातारचळ वाटे. खरं सांगू? मलाही वाटला असता.

वस्ताद गाडी घेऊन आले. मागोमाग तेजराज आला, काखेत खोकं घेऊन. आत शर्यतीच्या गाडीची क्लच प्लेट होती, धातूचे चौकोनी तुकडे जडवलेली. निनादने इंजिनाची ताकद मांडली, प्लेटची क्षमता पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "वस्ताद, ही जन्मात घसरणार नाही."

"बसव," वस्ताद एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. वस्तादांनी गाडी गॅरेजसमोरच्या चढावर लावायला सांगितली. मग आतून लोखंडी स्टूल आणलं, गाडीच्या मागे, बंपरपासून हातभर अंतरावर ठेवलं, आणि चहाचा कप घेऊन त्यावर चक्क बसले.

"हं. चढवा साहेब. सावकाश, घरून निघता तशी."

तेजराज गडबडला. "वस्ताद, थट्टा करताय काय? बाजूला व्हा की!"

"जन्मात न घसरणारा क्लच आहे. मग भ्यायचं कशाला?"

तेजराजला ते झोंबलं. त्याने गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूच उचलायला गेला. पण त्या प्लेटला हळूच म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. गाडीने एक हिसका दिला, इंजिन बंद पडलं, घाबरून त्याने क्लच दाबला आणि ब्रेकवर पाय जाण्याआधी गाडी मागे आली.

"वस्ताद!" निनाद किंचाळला. धाडकन आवाज झाला, मग सगळं शांत.

तो धावत मागे गेला. वस्ताद स्टुलावरच होते. त्यांच्या गुडघ्यापासून चार बोटांवर बंपर थांबला होता. पलीकडच्या चाकामागे एक लाकडी ठोकळा होता. वस्तादांनी तो जरा अंतर सोडून आधीच लावून ठेवला होता. कपातला चहा मात्र सगळा सदऱ्यावर.

तेजराज गाडीतून उतरला तो पांढराफटक. निनादला रडू की ओरडू असं झालं. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? काही झालं असतं म्हणजे? नको होता हा क्लच, तर कालच सांगायचं होतं!"

"काल सांगितलं असतं, तर तुम्ही दोघांनी मला आकडे दाखवले असते," वस्ताद म्हणाले. "बाबांनो, क्लच वाईट नाही. शर्यतीच्या मैदानात याच्यासारखा सच्चा दुसरा नाही. पण याला धरणं कळतं आणि सोडणं कळतं, मधलं काही कळत नाही. गल्लीत आपलं सगळं त्या मधल्यावर चालतं. काल मी तेजराजसाहेबांच्या दारातून गाडी काढली. फाटकाबाहेर लगेच उभा चढ. आरशात पाहिलं, तर यांच्या मातोश्री मागे उभ्या राहून फाटक ओढत होत्या. म्हणाल्या, रोज मीच लावते, पोराला उशीर होतो." त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. "साहेब, ठोकळा माझ्या दारात होता. तुमच्या दारात नाही."

तेजराज पायरीवर बसला. त्याने फोन काढला. "आई, उद्यापासून फाटक तू लावायचं नाहीस. मी उतरून लावीन... नाही गं, काही झालं नाही. काही झालं नाही."

निनादने ती प्लेट उतरवली आणि वस्तादांनी सांगितली ती बसवली: तुकड्यांऐवजी पूर्ण अस्तराची, जरा कडक स्प्रिंगची. ती ताकद पेलते आणि चढावर हळूही सुटते. शर्यतीत कदाचित हरेल.

पुढच्या आठवड्यात क्लचचं दुसरं काम आलं. वस्ताद चपला शोधू लागले, तर निनाद केव्हाच बाहेर पडला होता. मालकाने दार उघडताच त्याने इंजिनाचं काही विचारलं नाही.

"तुमच्या गाडीच्या मागे," त्याने विचारलं, "कोण उभं असतं?"