गांडुळाचं घर आणि सगूची मूठ

एक होतं गांडूळ. जाड नाही, लांब नाही. एवढंस्सं! ते राहायचं सगूच्या कुंडीत.

सगूची कुंडी होती एका बागेत. त्या बागेत मुलं यायची. कुणी फार रडलेली, कुणी फार घाबरलेली, कुणी सगूसारखी मुळीच न बोलणारी. आल्या आल्या प्रत्येकाला मिळायची एक कुंडी आणि वालाचा एक दाणा.

एकदा गांडूळ गेलं फिरायला. सर्र-सुळुक, सर्र-सुळुक! परत आलं. घरात शिरायला गेलं, तर टक्!

माती वाळून टणक झालेली.

"आई गं! डोकं आपटलं! की शेपूट?" गांडुळाला काही कळेना.

वर ऊन चढलं. पाठ वाळायला लागली.

"माती माती, मऊ हो!"

माती म्हणाली, "पाण्याशिवाय मऊ कशी होऊ? झारीला सांग, जा!"

सर्र-सुळुक, सर्र-सुळुक! झारी आडवी पडली होती.

"झारी झारी, पाणी घाल!
माती मऊ होईना,
मी जाऊ कुठे?"

झारी म्हणाली, "माझ्या पोटात थेंब नाही रे! नळाला सांग, जा!"

सर्र-सुळुक, सर्र-सुळुक!

"नळा नळा, सूट की रे!
झारी पाणी घालेना,
माती मऊ होईना,
मी जाऊ कुठे?"

नळ म्हणाला, "टप्. माझा मी सुटत नाही. टप्. शैलाताईंना सांग. टप्. जा!"

सर्र-सुळुक, सर्र-सुळुक! शैलाताई बाग सांभाळायच्या. त्या चष्मा शोधत होत्या. चष्मा होता कपाळावर.

"ताई ताई, नळ सोडा!
नळ काही सुटेना,
झारी पाणी घालेना,
माती मऊ होईना,
मी जाऊ कुठे?"

ताई म्हणाल्या, "अरे बाबा, ज्याची कुंडी, त्याचंच पाणी! आपल्या बागेचा नियम आहे. सगूला सांग, जा! पण हे बघ, ओरडायचं नाही, ओढायचं नाही. वाटलं तर येईल ती."

सर्र... सुळुक. सर्र... सुळुक. गांडूळ दमलं.

सगू बसली होती पाण्याच्या टाकीमागे. रोज तिथेच बसायची. गप्प. डोळे मिटलेले, एक मूठही गच्च मिटलेली.

"सगू सगू, चल की गं!
ताई हात लावेनात,
नळ काही सुटेना,
झारी पाणी घालेना,
माती मऊ होईना,
मी जाऊ कुठे?"

सगू काहीच बोलली नाही. जा सुद्धा म्हणाली नाही.

गांडुळाला वाटलं, 'अरेच्चा! मी शेपटाकडून बोललो की काय?' ते गर्रकन फिरलं. दुसऱ्या टोकाने म्हणालं,

"सगू सगू, चल की गं!
ताई हात लावेनात,
नळ काही सुटेना,
झारी पाणी घालेना,
माती मऊ होईना,
मी जाऊ कुठे?"

सगूने एक डोळा उघडून पाहिलं.

आता गांडुळाला बोलवेना. ते सगूच्या मुठीवर चढलं. बोटांमध्ये होती एक फट. आत गारवा, आत ओल.

"मिळालं! घर मिळालं!"

सुळुक!

आत शिरलं, तर टक्!

"आई गं! इथे आधीच कुणीतरी राहतंय!"

तो होता वालाचा दाणा. पहिल्या दिवसापासून सगूने मुठीत धरलेला.

गांडूळ वळवळलं. इकडून वळवळलं, तिकडून वळवळलं. सगूला झाल्या गुदगुल्या.

"खी!"

मूठ उघडली. तळहातावर एक गांडूळ, एक दाणा. दोघांनाही घर नाही.

सगूने दोघांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ती उठली.

ताई बाजूला सरकल्या. सगूने नळ फिरवला, कर्र कर्र!
नळ सुटला, धो धो!
झारी भरली, गुडुगुडु!
पाणी पडलं, रिमझिम रिमझिम!
माती झाली मऊ मऊ!

गांडूळ शिरलं घरात, सुळुक!
त्याच्यामागून दाणा, टुप्!

सगू कुंडीवर वाकली. अगदी हळू म्हणाली, "आलास घरी?"

ताईंनी ऐकलं. कपाळावरचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा कपाळावरच ठेवला.

आता सगू रोज झारी घेऊन येते. कुंडीवर टकटक करते. आतून वर येतं एक टोक.

डोकं की शेपूट? ते गांडुळालाच विचारा!

माती ओली, गोष्ट झाली. चला, आता हात धुवा!