सिमावचं नाव

"पण पाप आठवतच नसेल, तर सांगायचं काय, फादर?"

स्वतःच्या पापनिवेदनासाठी आलेल्या इनास मास्तरांनी हे विचारलं तेव्हा ईस्टर आठ दिवसांवर आला होता. वसईकडच्या त्या गावात तीस वर्षं मास्तर मुलांना पापनिवेदनाची तयारी शिकवत आले होते. दहा आज्ञा, एकेक चूक आठवणं, शेवटी पश्चात्तापाची प्रार्थना. सगळं तोंडपाठ.

म्हातारे फादर कायतान चर्चच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"आज्ञा तपासल्या?"

"दहाही. दोनदा."

"मग आज्ञा राहू द्या. गावात कुणाला पाहून तुम्ही वाट बदलता, मास्तर?"

मास्तरांनी टोपलीतली एक शेंग उचलून सोलली.

"सिमावला," ते म्हणाले. "माझ्या वर्गात होता. तोतरा. प्रार्थना म्हणताना अडखळायचा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याची नक्कल केली. पोरं हसली…"

"आणि तुम्ही?"

"मीही."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. आईने नवा सदरा शिवला होता त्याला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही."

फादरांनी शेंगांची टोपली बाजूला सारली.

"जाऊन या. मी इथंच आहे."

सिमाव आपल्या बागेत सोनचाफा खुडत होता. कानशिलांवरचे केस पिकले होते. मास्तरांनी त्याच्यापुढे हात जोडले. "चुकलो रे," एवढंच त्यांना बोलता आलं.

सिमाव काही सांगू लागला आणि अडला. मास्तर थांबून राहिले…

"आ… आधी चहा घ्या, मास्तर."

दोघांनी बांधावर बसून चहा घेतला. उठताना सिमावने विचारलं, "चर्चमधली रविवारची मि… मिस्सा हल्ली किती वाजता असते?"

मास्तर परतले तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"आता पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून बघतो, फादर. मग आत जाऊ."

"म्हणा."

"हे माझ्या देवा, मला… मला मनापासून…"

मास्तर अडखळले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडले.

"पुढचं आठवत नाही, फादर."

फादर कायतान गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांनी चर्चचं दार उघडलं.

"या. तयारी झाली."