खुंटीला नाव नसतं

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची, ते विचारू नका. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते एवढं पुरे.

एका नदीकाठी दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. नदीत एक मोठी नाव होती. ह्या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला असे आणि तो धरून नाव इकडून तिकडे ओढत नेत. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, दिल्याघरच्या लेकीही पलीकडे. म्हणून नदीला पाणी वाढायच्या आत दरसाल नवा दोर वळायचा, ही त्या गावाची मोठी जबाबदारी होती.

दोर एकट्याचं काम नव्हे. एका टोकाला चाक असतं. ते फिरवलं की अंबाडीच्या पदरांना पीळ बसतो. लांब दुसऱ्या टोकाला एक माणूस ते पदर कमरेला बांधून, टाचा रोवून, मागं रेलून उभं राहतं. पीळ बसतो तसा पदर आखूड होतो, म्हणून त्या माणसानं बोटबोट पुढं सरकायचं. पीळ पुरता बसला की तिथूनच हाक द्यायची, ‘बस्स!’ मग चाक थांबतं.

गावाची जुनी रीत अशी, की चाकावरच्यानं आधी टोकावरच्याचं नाव घ्यायचं. तिकडून ‘ओ’ आली की मगच चाक फिरवायचं.

बाकीच्यांची नावं राहू द्या, पण टोकावर उभ्या राहणाऱ्या बाईचं नाव सांगते. धुरपदा. ही जागा तिला सासूकडून मिळाली होती आणि तिच्या घरची चूल त्याच जागेवर पेटत होती.

चाकावर मुकादम असे. माणूस कामात तरबेज, ते मी नाकारणार नाही. पण जिभेला हाड नव्हतं. कोणाला गळकी घागर म्हणेल, कोणाला बुजगावणं. धुरपदेला तो खुंटी म्हणे. “ए खुंटी, उभी आहेस ना?” असं ओरडायचा आणि ‘ओ’ची वाट न बघता चाक फिरवायचा. दोर चांगला निघाला तर चाकाची करामत. वाईट निघाला तर खुंटी हलली.

सगळे हसत. आज तिच्यावर आहे, म्हणजे आपल्यावर नाही, एवढाच त्या हसण्याचा अर्थ. बुजगावणं म्हणवून घेणारा म्हातारा तर सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

धुरपदा ऐकून घेई. शेजारणीनं तिला समजावलं होतं की पोटासाठी ऐकावं लागतं, एका कानानं ऐकावं, दुसऱ्यानं सोडावं. असले सल्ले देणाऱ्या गावोगाव असतात. सांगणारीला ते फुकट पडतात, ऐकणारीला महाग.

एक दिवस ती कामावरून घरी येत होती. गल्लीत पोरं दोर वळायचा खेळ खेळत होती. एकानं मोडक्या सुपाचं चाक केलं होतं. दुसऱ्या टोकाला धुरपदेची लेक कमरेला चिंधी बांधून उभी होती, अगदी गप्प.

धुरपदेनं विचारलं, “बाई, तू ‘बस्स’ का म्हणत नाहीस?”

लेक म्हणाली, “मी खुंटी आहे ना आई. खुंटीनं बोलायचं नसतं.”

त्या दिवशी धुरपदेच्या घशाखाली घास उतरला नाही. स्वतःपुरतं तिनं पुष्कळ गिळलं होतं. पण ते आपल्यापाशीच जिरतं असं तिला वाटलं होतं, तिथं ती चुकली होती.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाच्या अंगणात गेली. चारचौघांत त्याला बोलायचं नाही, आधी एकट्याला सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती म्हणाली, “मुकादम, दोरात दोष असला तर दाखवा. मी उकलून पुन्हा उभी राहीन. पण मला नावानं हाक मारा.”

मुकादम पान चघळत होता. “अगं, मस्करी कळत नाही का तुला?” तो म्हणाला. “आणि खुंटीला नाव कशाला लागतं? जमिनीत ठोकली की झालं.”

एवढ्यावर तो थांबला नाही. कामावर गेल्यागेल्या त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, की आपली खुंटी रुसली आहे, तिला आता नाव हवं आहे. पुन्हा हशा झाला. धुरपदा त्यांच्याबरोबर हसली नाही आणि रडलीही नाही.

नावेचा दोर वळायचा दिवस आला. सारा गाव जमला. पदर पसरून झाले, मुकादम पागोटं सारखं करून चाकापाशी आला आणि नेहमीसारखा ओरडला, “ए खुंटी, उभी आहेस ना?”

धुरपदेनं बाभळीची एक चांगली जाड खुंटी आणली होती. ती तिनं आपल्या जागी ठेवली, मोगरीनं खोल ठोकली, पदर तिला बांधले आणि बाजूला होऊन हाताची घडी घातली.

“मुकादम, खुंटी उभी आहे,” ती म्हणाली. “फिरवा चाक.”

लोक हसायचे थांबले. चाक सोडावं तर आपण हरलो असं होईल, म्हणून मुकादमानं दात आवळून ते फिरवलं. पदर ताणले. पीळ चढू लागला. पदर आखूड व्हायला निघाले, पण खुंटी काही पुढं सरकेना. मुकादमाचा कान सवयीनं ‘बस्स’ची वाट बघत होता. इतकी वर्षं तो त्याच हाकेवर थांबत आला होता आणि त्याला ते कधी कळलंच नव्हतं. हाक आली नाही. चाक फिरत राहिलं.

ताडकन आवाज झाला. पदर मधोमध तुटले आणि एक टोक सापासारखं उलटं आलं. मुकादमाचं पागोटं उडून अंबाडी भिजवायच्या डबक्यात जाऊन पडलं.

“तोडलास ना दोर!” मुकादम गरजला.

“मी हातसुद्धा लावला नाही,” धुरपदा म्हणाली. “तुम्ही जिला हाक मारली तीच तिथं होती.”

मुकादम म्हाताऱ्याकडे वळला. तू उभा राहा म्हणाला. म्हाताऱ्यानं खाली बघितलं, मग वर बघितलं. “बुजगावण्याला दोर धरता येत नाही मुकादम,” तो म्हणाला. त्याच्यामागं दुसरं कोणी पुढं आलं नाही.

मग मुकादम रागारागानं स्वतःच टोकावर जाऊन उभा राहिला. उभा राहिला खरा, पण मग चाकावर कोणी नव्हतं. दोर एकट्याचं काम नव्हे, हे मी आधीच सांगितलं आहे.

धुरपदा त्याच्यासमोर गेली. तिचा आवाज चढला नाही. “तुमच्या हाताखाली काम करायला माझी ना नाही. चुकले तर चूक दाखवा, सगळ्यांदेखत दाखवा. पण नाव घ्यायचं, ‘ओ’ ऐकायची, मग चाक फिरवायचं, ही दोराची रीत आहे. ती मोडून वळलेल्या दोराला मी हात लावणार नाही. मला काढायचं तर काढा. खुंटी म्हणाल तेव्हा तुम्हाला खुंटीच मिळेल.”

नदी बाजूनं वाहत होती, आणि पाणी वाढायच्या आत दोर हवाच होता. सगळे मुकादमाकडे बघत होते. तो चाकापाशी परत गेला. नवे पदर पसरले गेले. धुरपदा टोकावर गेली, पदर कमरेला बांधले, टाचा रोवल्या.

मुकादम पुटपुटला, “धुरपदा.”

ती हलली नाही. “टोकापर्यंत आलं नाही,” ती म्हणाली.

मुकादमानं घसा साफ केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली. “धुरपदा, आहेस का?”

“ओ! आहे. फिरवा.”

त्या साली वळलेला दोर पुरात ताठ राहिला आणि नाव एक दिवसही बंद पडली नाही.

मुकादम काही साधुसंत झाला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कधीकधी त्याच्या ओठांवर ‘खुं’ येई. धुरपदा नुसती त्या बाभळीच्या खुंटीकडे बघे. ती तिनं उपटू दिली नव्हती. मुकादम तो अर्धा शब्द गिळून नाव घेई, तिचंही आणि म्हाताऱ्याचंही.

आणि गल्लीतल्या खेळात सुपाचं चाक फिरायला लागलं की धुरपदेची लेक आधी ओरडे, “थांब, माझं नाव घे, मग फिरव!”

ही गोष्ट ज्यांनी ऐकली त्यांनी एवढं गाठीला बांधावं: चूक दाखवणाऱ्याचं ऐकावं, पायरी दाखवणाऱ्याला तिथंच थांबवावं.