गाडी हाकलणारा भुऱ्या

निंबोरीत दिवसातून एकच एसटी यायची, तेव्हाची गोष्ट. सगळी माणसं चढली की भुऱ्या कुत्रा तिच्यावर भुंकायचा आणि गाडी निघून जायची. आपण हाकलतो म्हणून ती जाते, नाहीतर गावातच ठाण मांडून बसेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

एकदा शहरातून टायगर नावाचा कुत्रा पाहुणा आला. तो हसला. "अरे येड्या, कंडक्टरनं घंटी मारली की गाडी सुटते. तुझ्या भुंकण्याला कोण विचारतो?"

भुऱ्याला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तो पारावर तोंड मिटून बसला.

गाडी भरली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि तो थांबला. "भुऱ्या भुंकला नाही. कुणीतरी यायचं राहिलं असणार."

ड्रायव्हर उतरून चहा प्यायला गेला. गाडीतल्या दोन बायका तेवढ्यात गिरणीतून दळण घेऊन आल्या. तक्रार कुणीच केली नाही. उन्हं कलली, तरी गाडी जागची हलेना.

शेवटी टायगरच वैतागून भुंकला. लगेच घंटी वाजली आणि गाडी सुटली.

"छान हाकललीस," भुऱ्या म्हणाला. "पण उद्या एवढा जोर लावू नकोस. आपली गाडी ऐकणारी आहे."